जवळचा प्लंबर आणि ओळखीचा प्लंबर : ग्राफ डेटाबेसमध्ये अंतराची क्वेरी कुठून सुरू करायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात घरगुती कामांसाठी कारागीर शोधून देणारे ॲप, मागे निओफोरजे या ग्राफ डेटाबेसची पाचवी आवृत्ती, ज्यात प्रत्येक माणूस हा एक नोड आणि दोन नोडना जोडणारा दुवा म्हणजे नाते. ३८ हजार कारागीर, सव्वा लाख वापरकर्ते आणि त्यांच्यात ‘ओळखतो’ व ‘बोलावले होते’ अशी नाती. कारागिराच्या नोडवर अक्षांश आणि रेखांश अशा दोन वेगळ्या प्रॉपर्टी. ‘माझ्यापासून ५ किलोमीटरच्या आतला, माझ्या ओळखीच्या किंवा त्यांच्या ओळखीच्या कोणीतरी आधी बोलावलेला प्लंबर’ शोधायला क्वेरी आठ-नऊ सेकंद घेते. दोन्ही प्रॉपर्टींवर इंडेक्स, म्हणजे शोध झटपट व्हावा म्हणून ठेवायची सूची, लावून झाले, फरक शून्य. तर आता हे सगळे पोस्टजीआयएसवर, म्हणजे पोस्टग्रेस डेटाबेसच्या नकाशांसाठीच्या जोडणीवर, न्यावे का, असे तुम्ही विचारले आहे.

एवढ्यात नेऊ नका. आधी तुमचे आठ सेकंद नेमके कुठे जातात ते पाहू. माझी खात्री आहे की ते अंतर मोजण्यात जात नाहीत. ३८ हजार वेळा साइन-कोसाइन काढणे आजच्या मशीनला काहीच नाही, त्यात सेकंदाचा लहानसा तुकडा जाईल. वेळ जातो तो त्यानंतर. तुमची क्वेरी आधी सगळे कारागीर उचलते, ५ किलोमीटरबाहेरचे गाळते आणि उरलेल्या प्रत्येकाला विचारत बसते, ‘बाबा रे, तुला या माणसाच्या ओळखीतल्या कोणी बोलावले होते का?’ शहराच्या मधल्या भागात ५ किलोमीटरच्या वर्तुळात पाच-सहा हजार कारागीर सहज निघतील. म्हणजे पाच-सहा हजार वेळा नात्यांचे जाळे उलटीकडून चालायचे. इंडेक्स चालला असता तरी हे पाच-सहा हजार फेरे चुकले नसते.

म्हणून ‘इंडेक्स का वापरला जात नाही’ हा प्रश्न मी जरा बाजूला ठेवतो. तुमच्या एका वाक्यात दोन प्रश्न आहेत, एक ‘जवळ कोण?’ आणि दुसरा ‘ओळखीतला कोण?’. कोणता आधी विचारायचा यावर सगळे अवलंबून आहे, आणि नियम एवढाच की ज्याचे उत्तर लहान येते तो आधी.

घरात नळ गळायला लागला की आपण काय करतो? पाच किलोमीटरातल्या सगळ्या प्लंबरांना फोन लावून ‘तुम्ही जोशीकाकूंकडे गेला होतात का हो?’ असे विचारत नाही. जोशीकाकूंना फोन करतो आणि विचारतो, ‘तुमच्याकडे आला होता तो कुठे राहतो?’ तुमची क्वेरी आज पहिल्या पद्धतीने चालते आहे.

आकड्यांत मांडू. समजा एका वापरकर्त्याच्या ४० ओळखी आहेत आणि प्रत्येकाने आजवर सहा कारागीर बोलावले आहेत. एका पायरीवर २४० कारागीर. दुसऱ्या पायरीवर ४० गुणिले ४०, म्हणजे १,६०० माणसे आणि जास्तीत जास्त ९,६०० ‘बोलावले होते’. प्रत्यक्षात याहून बरेच कमी, कारण एकाच सोसायटीतली माणसे एकमेकांना ओळखतात आणि तोच प्लंबर सगळ्यांकडे जातो. एकदा ‘प्लंबर’ एवढेच ठेवून दुहेरी नोंदी काढल्या की हातात शे-दोनशे माणसे उरतील. त्यांचे अंतर मोजायला इंडेक्स लागतच नाही. मोजा, गाळा, चढत्या क्रमाने लावा, झाले.

फक्त एक पथ्य पाळा. दोन पायऱ्यांवरची माणसे गोळा झाली की तिथेच दुहेरी नोंदी गाळणारे ‘डिस्टिंक्ट’ लावा आणि मगच ‘बोलावले होते’ या नात्यावर पुढे जा. निओफोरजेची क्वेरीची भाषा, सायफर, रस्ते मोजते, माणसे नव्हे. एकाच काकूंपर्यंत पंधरा ओळखींतून पोचता येत असेल, तर त्या पंधरा वेळा मोजल्या जातात आणि त्यांचा प्लंबरही पंधरा वेळा. मधे चाळणी नसली की संख्या फुगत जाते आणि दोष मात्र अंतरावर येतो. आणि तीन पायऱ्यांचा मोह झालाच तर ४० चा घन ६४ हजार होतो, हे लक्षात असू द्या. तिसऱ्या पायरीवरच्या माणसाने दिलेल्या शिफारशीला तसाही कोण विचारतो?

पण हे परिस्थितीवर अवलंबून आहे, ते कबूल करतो. कालच ॲप उतरवलेल्या माणसाला एकही ओळख नसते. त्याच्यासाठी नात्यांकडून सुरुवात केली तर उत्तर रिकामे येणार. त्याला ‘जवळ कोण’ हाच प्रश्न पुरतो. उलट टोकाला अख्ख्या टाउनशिपच्या ग्रुपचा ॲडमिन असतो, ज्याच्या तीन हजार ओळखी नोंदल्या आहेत. त्याच्याकडून दोन पायऱ्या चालणे म्हणजे निम्मे पुणे फिरणे. त्याच्यासाठी अंतराकडून सुरुवात करून ओळख नंतर तपासणे स्वस्त पडू शकते. म्हणून मी अशा ठिकाणी दोन वेगळ्या क्वेऱ्या ठेवतो आणि कोणती चालवायची ते ॲपच्या कोडमध्ये ठरवतो. त्या माणसाच्या ‘ओळखतो’ नात्यांची नुसती संख्या विचारायची. निओफोरजे ती नात्यांमागे न धावता जवळजवळ फुकटात देतो. शून्य असेल तर अंतराची वाट, पाचशेच्या आत असेल तर ओळखींची, त्यावर असेल तर पुन्हा अंतराची. पाचशे हा आकडा कुठल्या पुस्तकातला नाही. तुमच्या डेटावर तीन-चार वेळा चालवून पाहा, तुमचा आकडा सापडेल.

हे प्लॅनरने, म्हणजे क्वेरी कोणत्या क्रमाने चालवायची ते ठरवणाऱ्या डेटाबेसच्या भागाने, आपणहून का ठरवू नये, असे वाटणे साहजिक आहे. तो प्रयत्न करतो, पण त्याच्याकडे माहिती अपुरी असते. कोणत्या लेबलचे (म्हणजे प्रकाराचे) किती नोड आणि कोणत्या प्रकारची किती नाती, ही गणती त्याच्याकडे असते. पण त्रिज्या तुम्ही पॅरामीटर म्हणून पाठवता, आणि पाठवायलाच हवी. मग प्लॅन बनवताना ती ५०० मीटर आहे की ५० किलोमीटर, हे त्याला ठाऊकच नसते. तो एक अंदाज धरतो, प्लॅन बनवतो, जपून ठेवतो आणि पुढच्या सगळ्यांना तोच वाढतो. या माणसाच्या चार ओळखी आहेत की तीन हजार, हेही त्याला कळत नाही, त्याला सरासरी माहीत. तेव्हा क्रम तुम्हीच लावा. आधी माणूस, मग ओळखी, मग सायफरमधला ‘विथ’ हा शब्द घालून तिथे एक टप्पा संपवा, मग कारागीर, मग अंतर.

आता अंतराकडून सुरू होणारी वाट. नव्या वापरकर्त्यांसाठी ती लागणारच आहे, आणि तुमच्या इंडेक्सचे काय चुकले तेही इथेच कळेल.

तुम्ही अक्षांशावर एक आणि रेखांशावर एक असे दोन साधे इंडेक्स केले. पाचव्या आवृत्तीत साधा इंडेक्स म्हणजे रेंज इंडेक्स. समजा तुम्ही स्वतःचे सूत्र न लिहिता ‘अक्षांश या दोन आकड्यांच्या मधे’ असे विचारले असते, तर पहिल्या इंडेक्सने तुम्हाला पुण्याच्या नकाशावरची एक आडवी पट्टी दिली असती, पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत सगळीच. दुसऱ्याने उभी पट्टी. तुम्हाला हवा आहे दोन्ही पट्ट्या छेदतात तो चौकोन, आणि तो थेट उचलणे या दोन इंडेक्सांपैकी एकालाही जमत नाही. त्यातून तुम्ही हॅवरसाइनचे, म्हणजे गोलावरचे अंतर काढायचे, सूत्र हाताने लिहिले आहे. त्या साइन-कोसाइनच्या आत लपलेल्या प्रॉपर्टीकडे पाहून प्लॅनरला काहीच ओळखता येत नाही, मग तो सगळे नोड चाळतो.

यासाठी निओफोरजेत २०१८ च्या ३.४ आवृत्तीपासून पॉइंट हा स्वतंत्र प्रकार आहे. अक्षांश-रेखांश मिळून एकच प्रॉपर्टी करा, तिला ‘स्थान’ म्हणू, आणि तिच्यावर पॉइंट इंडेक्स करा. नुसते ‘इंडेक्स बनव’ म्हणू नका, ‘पॉइंट इंडेक्स बनव’ असेच सांगा. पाचव्या आवृत्तीत रेंज इंडेक्स पॉइंटवर केला तर तो बनतो, तक्रार करत नाही, पण ‘बरोबर याच बिंदूवर’ एवढ्याच प्रश्नाला उपयोगी पडतो. अंतराच्या अटीला तो कामाचा नाही. जुन्या लेखांत बी-ट्री या जुन्या प्रकारच्या इंडेक्सने हे काम होते असे वाचाल. ते तेव्हा खरे होते, पण पाचव्या आवृत्तीत बी-ट्री काढून टाकला आहे. त्याच लेखांतले नुसते ‘डिस्टन्स’ हे फंक्शनही गेले, आता ‘पॉइंट डॉट डिस्टन्स’.

आत काय चालते ते जाणून घेतले तर पुढचे अंदाज सोपे जातात. ठिपक्यांची रांगोळी काढताना हात न उचलता एका रेघेत सगळे ठिपके गाठायचे असे ठरवले, आणि रेघ अशी वळवली की शेजारचे ठिपके शक्यतो रेघेवरही शेजारीच येतील, तर जी रेघ तयार होईल तिला हिल्बर्टचा वक्र म्हणतात. डेव्हिड हिल्बर्टने तो १८९१ मध्ये मांडला. पॉइंट इंडेक्स नकाशाला या रेघेवर सरळ ताणतो. मग प्रत्येक जागेला एकच क्रमांक मिळतो आणि नेहमीची झाडासारखी रचना कामी येते. तुम्ही ५ किलोमीटरचे वर्तुळ मागितले की तो आधी त्याला बसणारा चौकोन घेतो, त्यात रेघेचे जे जे तुकडे येतात ते वाचतो आणि मग प्रत्येक बिंदूचे खरे अंतर तपासतो. वर्तुळ चौकोनाचा साधारण ७८.५ टक्के भाग व्यापते, म्हणजे वाचलेल्यातले पाचाला एक नोड वायाच जाणार. हे ठीकच आहे. प्रोफाइलमध्ये, म्हणजे क्वेरी कशी चालली त्याच्या तपशिलात, इंडेक्सनंतरही गाळणी दिसली म्हणून घाबरू नका.

इंडेक्स वापरला जावा म्हणून अट साधी ठेवावी लागते. पॉइंट डॉट डिस्टन्समध्ये एका बाजूला नोडची ‘स्थान’ प्रॉपर्टी जशीच्या तशी, दुसऱ्या बाजूला तुमचा बिंदू, पुढे ‘पेक्षा कमी’चे चिन्ह आणि त्रिज्या. ही अट मॅचला (नोड शोधणाऱ्या ओळीला) लागून असलेल्या व्हेअरमध्येच (अटींच्या ओळीतच) हवी, आणि मॅचमध्ये नोडचे लेबल लिहिलेले हवे. आधी अंतर मोजून त्याला नाव द्यायचे आणि पुढच्या टप्प्यात त्या नावावर गाळायचे, असे लिहिले की माझ्या अनुभवात इंडेक्स हुकतो. दाखवण्यासाठी अंतर हवे असेल तर निकालात पुन्हा मोजा, तेवढ्याने काही बिघडत नाही. आणखी एक गोष्ट म्हणजे पॉइंट इंडेक्स एकाच प्रॉपर्टीवर होतो. ‘व्यवसाय आणि स्थान’ असा जोड इंडेक्स करता येत नाही. म्हणून प्लंबर, इलेक्ट्रिशियन, सुतार अशी वेगळी लेबले ठेवून प्रत्येकाचा आपापला पॉइंट इंडेक्स केला, तर सुतारांचे नोड वाचून फेकायची वेळ येत नाही.

अंतर मीटरमध्ये येते. हे सांगायला नको खरे, पण ‘पेक्षा कमी ५’ लिहून ‘काहीच सापडत नाही’ म्हणणारे मी आजवर पाच-सहा जण तरी पाहिले आहेत. त्यांतला एक मी.

यापेक्षा वाईट चूक म्हणजे अक्षांश-रेखांशाची अदलाबदल. तिच्यावर जरा थांबतो, कारण महाराष्ट्रात ती ओरडत नाही. पुणे अंदाजे १८.५२ अक्षांश, ७३.८६ रेखांश. उलटे भरले तर अक्षांश ७३.८६ होतो, जो ९० च्या आतच आहे, म्हणून डेटाबेस निमूट घेतो. गुवाहाटीचा रेखांश ९१ च्या पुढे आहे, तिथे हीच चूक केली तर निओफोरजे लगेच अडवेल. आपले पुणे मात्र नॉर्वेच्या उत्तरेच्या समुद्रात, बेअर आयलंडपासून साठ-सत्तर किलोमीटरवर जाऊन पडते आणि कोणाला पत्ता लागत नाही. जीओजेसन या नकाशाच्या डेटाच्या फाइलमध्ये रेखांश आधी असतो, नकाशाच्या ॲपवरून कॉपी केले की अक्षांश आधी येतो, बहुतेक वेळा घोळ इथेच होतो.

गंमत अशी की सगळेच बिंदू उलटे असतील तर क्वेरी चालते, उत्तरे येतात, आणि ती साधारण बरोबरही वाटतात. एका जुन्या कामात आम्ही तीन आठवडे असेच काढले. ध्रुवाजवळ रेखांशाच्या रेघा एकमेकींच्या जवळ येतात, त्यामुळे खरे उत्तर-दक्षिण अंतर मोजताना पाव पटीच्या जरा वर, ०.२८ पट भरते, तर पूर्व-पश्चिम अंतर किंचित वाढते. म्हणजे तुमचे ५ किलोमीटरचे वर्तुळ प्रत्यक्षात उत्तर-दक्षिण ताणलेली काकडी होते, दोन्ही बाजूंना अठरा-अठरा किलोमीटर. कोथरूडच्या माणसाला हवेतून तेरा किलोमीटरवरच्या पिंपरीतला माणूस ‘४ किलोमीटरच्या आत’ म्हणून दिसत होता. तक्रार आली तेव्हा आम्ही रस्त्यावर, ट्रॅफिकवर, कारागिरांनी चुकीचा पत्ता दिला असेल यावर, सगळ्यांवर संशय घेतला. तेव्हापासून डेटा भरल्यावर मी पहिली क्वेरी हीच चालवतो, सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा अक्षांश किती? पुण्याचा डेटा असेल तर उत्तर १८ ते १९ च्या आसपासच यायला हवे.

तिसरा चोर आणखी शांत आहे. पॉइंटला कोणत्या पद्धतीने मोजला याचा शिक्का असतो. साध्या अक्षांश-रेखांशासाठी डब्ल्यूजीएस-८४, क्रमांक ४३२६. त्यात उंची घातली की त्रिमितीचा शिक्का, क्रमांक ४९७९. या दोन शिक्क्यांच्या बिंदूंमधले अंतर विचारले तर डेटाबेस चूक दाखवत नाही, उत्तर ‘नल’, म्हणजे रिकामे, येते, आणि ‘नल’ ५,००० पेक्षा कमी नसते म्हणून ती ओळ निकालातून गळते. जीपीएसच्या फाइलमधून उंचीसकट भरलेले काही शे कारागीर असे महिनाभर अदृश्य असू शकतात. ज्यांचा अक्षांश किंवा रेखांश मुळातच रिकामा आहे त्यांचा पॉइंटही ‘नल’ होतो, म्हणजे ‘स्थान’ प्रॉपर्टीच लागत नाही. तीही एकदा मोजून घ्या.

अचूकतेची काळजी तुमच्या कामाला नको. पृथ्वी गोल धरून मोजल्याने येणारी चूक अर्ध्या टक्क्याच्या आसपास, म्हणजे ५ किलोमीटरला २५ मीटर. प्लंबर तेवढा चालतो. जमिनीची मोजणी मात्र याने करू नका.

‘आतले सगळे’ याऐवजी ‘सगळ्यात जवळचे दहा’ हवे असतील तर गोष्ट बदलते. निओफोरजेच्या पॉइंट इंडेक्सला ‘जवळून लांब अशा क्रमाने दे आणि दहा झाले की थांब’ असे सांगता येत नाही. तुम्ही अंतरावर क्रम लावून पुढे ‘लिमिट १०’ लिहिले, तर तो सगळ्यांचे अंतर मोजून, क्रम लावून मग दहा देतो. पोस्टजीआयएसला हे इंडेक्सवरूनच जमते, ॲरँगोडीबी या दुसऱ्या डेटाबेसलाही. इथे आपण जुगाड करतो. १ किलोमीटरात शोधा, दहा मिळाले नाहीत तर २, मग ४, मग ८. शहरात बहुधा पहिल्या-दुसऱ्या फेरीतच काम होते. मुळशी-वेल्ह्याकडच्या माणसासाठी चार फेऱ्या होतील, होऊ द्या. वर एक मर्यादा मात्र घाला. ४० किलोमीटरवरचा प्लंबर दाखवण्यापेक्षा ‘सध्या कोणी नाही’ म्हणणे बरे.

काहीजण तुम्हाला सुचवतील की ग्राफ आहे ना, मग ‘जवळ’ हेही नातेच करून टाका. मीही एकदा केले होते. हिशेब करून पाहा. ४० हजार नोड, प्रत्येकाच्या २ किलोमीटरात सरासरी १,५०० दुसरे. म्हणजे ६ कोटी जोड्या, दुहेरी धरू नये म्हणून निम्म्या केल्या तरी ३ कोटी नाती. डेटाबेस फुगतो, आणि एक दुकान दुसऱ्या गल्लीत गेले की हजारो नाती पुसून हजारो नवी टाकायची. शिवाय उद्या कोणी २ ऐवजी ३ किलोमीटर मागितले की सगळे पुन्हा. ‘जवळ’चे नाते तिथेच शोभते जिथे गोष्टी थोड्या आहेत आणि हलत नाहीत. मेट्रोची स्थानके, एसटीचे थांबे, फार तर शाळा. कारागीर घर बदलतात, भाड्याची खोली बदलतात. त्यांच्यासाठी नको.

याचा सौम्य अवतार म्हणजे नकाशाचे चौकोन किंवा षट्कोन पाडून प्रत्येकाला सांकेतिक क्रमांक देणे. हे नवे नाही, आपला पिनकोड त्याच कल्पनेचा भाऊ आहे. १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झालेल्या त्या पद्धतीमागचे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृत कवीही होते. पिनकोडचा पहिला आकडा मोठा विभाग सांगतो, ४११ म्हटले की पुणे, आणि शेवटपर्यंत गेलात की ४११०३८ म्हणजे कोथरूड. जेवढे आकडे जुळतील तेवढे जवळ. २००८ मध्ये आलेला जिओहॅश हेच करतो, फक्त टपालाच्या सोयीऐवजी गणिताने. त्याच्या सहा अक्षरांत साधारण सव्वा किलोमीटर रुंद आणि ६०० मीटर उंच चौकट बसते. दोघांची खोडही तीच आहे. रस्त्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा समोरासमोर राहतात आणि क्रमांक मात्र वेगळे. म्हणून एका चौकटीत शोधून भागत नाही, भोवतालच्या आठही घ्याव्या लागतात. उबरने खुल्या केलेल्या एच-थ्रीमध्ये षट्कोन असतात, शेजारी सहाच आणि सहाही जवळपास सारख्या अंतरावर, त्यामुळे हिशेब सुटसुटीत होतो.

हे कधी वापरावे? डेटा मोठा असेल, किंवा ‘या भागात किती मागणी आहे’ अशा गणत्या हव्या असतील तेव्हा. ३८ हजार कारागिरांना याची गरज नाही. वापरलेच, तर चौकटीचा क्रमांक नोडवरची प्रॉपर्टी म्हणून ठेवा, चौकटीचा वेगळा नोड करून सगळ्यांना त्याला बांधू नका. पेठांमधल्या एका चौकटीला हजारो नाती चिकटतात आणि ग्राफमध्ये फिरणारी दुसरी एखादी क्वेरी चुकून त्या नोडवर पाय ठेवते, मग बसा वाट पाहत.

इथपर्यंतचे सगळे हवेतल्या अंतरावर. ५ किलोमीटर म्हणजे पक्ष्याचे पाच की स्कूटरचे? कर्वेनगरच्या काठावरून समोरचा सिंहगड रस्ता दिसतो, पण मधे मुठा आहे आणि जायचे ते राजाराम पुलावरून. तो फरक पुण्यात सोसण्यासारखा आहे. कोकणात नाही. दाभोळ आणि धोपावे वाशिष्ठीच्या खाडीच्या दोन काठांवर समोरासमोर आहेत. फेरीबोट असेल तर गाडीसकट काही मिनिटांत पलीकडे. ती बंद असेल तर चिपळूणच्या बाजूने खाडीला भला मोठा वळसा. पॉइंट इंडेक्सला हे दोघे सख्खे शेजारी वाटतात. उद्या ॲप रत्नागिरी जिल्ह्यात न्यायचे झाले तर पहिल्याच आठवड्यात तुमचा प्लंबर खाडीकाठी उभा राहून फोन करील.

अशा वेळी ग्राफ डेटाबेस खरा उपयोगी पडतो, कारण रस्ते हाच ग्राफ. चौक आणि फाटे नोड, रस्त्याचे तुकडे नाती, त्यांवर लांबी किंवा वेळ. फेरीबोट हेही एक नाते, फक्त त्याच्या वेळेत वाट पाहणे धरायचे आणि शेवटच्या फेरीनंतर ते नाते वगळायचे. मी दोन टप्प्यांत करतो. आधी पॉइंट इंडेक्सने हवेतल्या ५ किलोमीटरातले उमेदवार काढायचे. हवेतले अंतर रस्त्याच्या अंतरापेक्षा कधीच जास्त नसते, त्यामुळे या चाळणीतून एकही लायक माणूस सुटत नाही, नालायक मात्र बरेच आत येतात. मग ओळखीची अट लावून उरलेल्या वीस-पंचवीस जणांसाठीच रस्त्याने अंतर काढायचे. निओफोरजेच्या ग्राफ डेटा सायन्स लायब्ररीत त्यासाठी डायक्स्ट्रा ही सर्वांत जवळची वाट काढायची पद्धत आहे, ए-स्टारही आहे. ए-स्टारला अक्षांश आणि रेखांश दोन वेगळ्या आकडी प्रॉपर्टींत लागतात, पॉइंट चालत नाही. म्हणजे ‘स्थान’ केले म्हणून रस्त्यांच्या नोडवरचे जुने दोन आकडे लगेच पुसून टाकू नका.

आता पोस्टजीआयएस. निओफोरजेच्या मूळ साठ्यात बिंदू आहे, क्षेत्र नाही. ‘या प्रभागाच्या हद्दीत’, ‘या पूररेषेच्या आत’ असे प्रश्न रोज आणि बदलत्या हद्दींसह येणार असतील तर पोस्टजीआयएस लागेल, त्याला पर्याय शोधत बसू नका. हद्द ठरलेली असेल तर तिकडे एकदाच मोजून इकडे ‘या प्रभागात’ असे नाते ठेवता येते, मी बहुतेक वेळा तेच करतो. दोन पायऱ्यांच्या ओळखी साध्या एसक्यूएलमध्येही निघतात, ते काही ग्राफची मक्तेदारी नाही. आज तुम्ही कोऱ्या पाटीवर सुरुवात करत असतात आणि ओळखी दोन पायऱ्यांपुढे जाणारच नाहीत असे ठाम असतात, तर मी पोस्टग्रेसच सुचवले असते. पण तुमचे ॲप चालते आहे, डेटा आत आहे आणि अडचण क्वेरीच्या क्रमाची आहे. फक्त त्यासाठी घर बदलू नका. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून अंतर एकाला आणि ओळखी दुसऱ्याला विचारण्याच्या फंदातही पडू नका. एकात बदललेला पत्ता दुसऱ्यात पोचला की नाही, हे पाहायला वेगळा माणूस ठेवावा लागतो.

तेव्हा आज संध्याकाळी एवढे करा. आत्ताच्या क्वेरीपुढे ‘प्रोफाइल’ लिहून चालवा आणि प्लॅनमध्ये सगळ्यात आधी चालणारी पायरी पाहा. तिथे ‘नोड बाय लेबल स्कॅन’ आणि ओळी ३८ हजार दिसल्या, तर वर लिहिले तेच घडते आहे. मग क्वेरी वापरकर्त्याच्या नोडपासून सुरू करून पुन्हा लिहा, अंतर सगळ्यात शेवटी. पॉइंट आणि त्याचा इंडेक्स नंतर, नव्या वापरकर्त्यांसाठीची दुसरी क्वेरी लिहायला घ्याल तेव्हा केलात तरी चालेल. आणि त्या तीन हजार ओळखीवाल्या ॲडमिनच्या खात्यावर एकदा चालवून पाहिल्याशिवाय सोडू नका.